पहिला पेला आत्याचा

वारा पडला होता. समुद्र तेलाचा हात फिरवलेल्या तव्यासारखा चकाकत होता आणि ऊन वर यायच्या आधीच हवा अंगाला चिकटायला लागली होती. अशा सकाळी जहाजांचा धूर वर जात नाही, पाण्यावरच लोळत राहतो. मग धक्क्यावरून समोरचा किनारा दिसेनासा होतो. एरवी तो इतका जवळ, की तिकडे कुणी वाळत घातलेली चादर इकडून दिसावी.

झऱ्याच्या जेटीवर आत्या वाकून पाइपाच्या तोंडाला नाक लावून उभी होती. पाण्याची होडी भरायच्या आधीचं हे तिचं रोजचं काम. आदल्या दिवशीच्या उन्हानं पाइपात रबराचा वास धरतो आणि तो पाण्यात उतरतो. वास आला की पाणी सोडून द्यायचं आणि पुन्हा हुंगायचं. मग तळहातावर घेऊन जिभेला लावायचं. खारटपणा नुसता चाटून गेल्यासारखा वाटला, तरी परत सोडायचं. टाकी होडीच्या पोटातच होती, पोलादी, आणि तिच्यात उतरून आत्यानं ती परवाच घासून काढली होती. बाहेर आली तेव्हा केसांपासून कोपरापर्यंत गंजानं तांबडी झालेली. धक्क्यावरचा न्हावी दुकानाच्या पायरीवरून म्हणाला होता, "आत्या, केस रंगवायचे तर माझ्याकडे यायचं. टाकीत कशाला?"

सगळं बेट तिला आत्याच म्हणायचं. खरी आत्या ती एकाचीच, ढब्बूची. ढब्बू म्हणजे तिच्या भावाचा मुलगा. लहानपणी गोल गरगरीत होता म्हणून हे नाव पडलं. आता तो शिडशिडीत, उंच, बंदर कचेरीत गणवेश घालून शिट्टी फुंकणारा बाप्या झाला होता. पण नाव काही अंगावरून उतरलं नाही. साहेबांसमोरही आत्या त्याला ढब्बूच म्हणायची आणि त्याचे कान लाल व्हायचे.

होडी मुळात भावाची, म्हणजे दादाची. एका जहाजाची दोरीची शिडी चढताना तो पाठीवर आपटला तो कायमचा खाटेवर आला. बायको आधीच गेलेली, पोरगं लहान. आत्या तेव्हा नवरा वारल्यावर माहेरी परतलेली होती. होडी विकून टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. आत्यानं कुणाशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पदर खोचला, इंजिनवाल्याला म्हणाली, "चल", आणि गेली. इंजिनवाला तेव्हाच अर्धा बहिरा होता, पुढे पुरता झाला. तरी त्याला आपल्या सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येई. होडीवर बाईमाणसाची एकच अडचण असते, तीही तिनं पहिल्याच आठवड्यात सोडवली. मागच्या कोपऱ्यात ताडपत्री बांधली आणि इंजिनवाल्याला बजावलं, की मी तिकडे गेले की तुझी मान पुढं, समोर वादळ आलं तरी पुढंच.

या ताडपत्रीची गरज तिला इतर कुणाहीपेक्षा जास्त पडे, कारण तिच्या धंद्याची रीतच तशी होती. फार पूर्वी दुसऱ्याच कुणाच्या तरी होडीचं पाणी पिऊन एका जहाजावरची माणसं ओकून ओकून आडवी झाली. तेव्हापासून कप्तान लोक बेटाच्या पाण्याकडे संशयानं बघायला लागले. त्यावर दादानं तोड काढली. जहाजाला पाइप लावायच्या आधी त्याच पाइपातून एक पेला भरायचा आणि कठड्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांच्या देखत आपण प्यायचा. पूर्ण. मग पाइप वर द्यायचा. आत्यानं होडीबरोबर ही रीतही घेतली. पेला अॅल्युमिनियमचा, कडेला चेपलेला, सुतळीनं पंपाला बांधलेला. जहाजं दाटीनं उभी असली की दिवसभरात तिच्या पोटात इतकं पाणी जाई, की दादा खाटेवरून म्हणायचा, "माल गिऱ्हाईकाला थोडा, मालकिणीला जास्त." पण कप्तान लोकांना भाषा येवो न येवो, ते हातानं पेला उपडा करायची खूण करून विचारायचे, की ती पिणारी होडी कुठाय.

आता हे बेट म्हणजे केवढंसं. मधे एक टेकडी, टेकडीच्या कुशीत झरा आणि खाली धक्का धरून बसलेली घरं. शेत म्हणाल तर नाही. पण ते बसलंय दोन समुद्रांना जोडणाऱ्या चिंचोळ्या वाटेच्या अगदी तोंडावर. जगाचं तेल, गहू, लोखंड, मोटारी, पोरांची खेळणी, सगळं याच फटीतून आतबाहेर होतं. एका वेळी एकाच बाजूची जहाजं सोडतात. बाकीची बेटाच्या आडोशाला नांगर टाकून पाळीची वाट बघत बसतात. आणि थांबलेल्या जहाजाला काय लागत नाही? दोरखंड लागतो, भाजी लागते, वेल्डर लागतो, दाढी करायला न्हावी लागतो. बेटावर पिकतं ते हे थांबणं. त्यावरच सगळ्यांच्या चुली.

मोठमोठी माणसं अधूनमधून राजधानीहून यायची. टेकडीवर चढायची, डोळ्याला दुर्बीण लावून खालची वाट बघायची, मान डोलवायची आणि फार मोक्याची जागा आहे असं म्हणत उतरायची. आत्या म्हणायची, यांना मोक्याची जागा कळते ती खाली आल्यावर. चढून चढून घसा सुकलेला असतो आणि पहिलं काय मागतात, तर पाणी.

त्या वर्षी दोन मोठ्या देशांचं बिनसलं आणि वाटेच्या दोन्ही टोकांना तोफांची जहाजं येऊन उभी राहिली. वाट बंद. बेटाच्या आडोशाला जहाजांची इतकी गर्दी झाली, की एकाच्या नांगराची साखळी दुसऱ्याच्या साखळीत अडकायला लागली. सुरुवातीला सगळ्यांना बरंच वाटलं, धंदा वाढला म्हणून. मग एका सकाळी बंदराचे साहेब धक्क्यावर आले आणि वरून आलेला हुकूम सांगितला. त्या गर्दीत सगळ्यात टोकाला उभं असलेलं गंजकं, जुनं जहाज दाखवलं. त्याच्यावरचा झेंडा आता नको असलेल्या देशाचा होता. त्याला तेल नाही, भाजी नाही, पाणी नाही. दिलं तर होडीचा बिल्ला जप्त.

बिल्ला म्हणजे पितळेची तळहाताएवढी चकती, होडीच्या केबिनला स्क्रूनं बसवलेली. ती असेल तरच झऱ्याच्या जेटीवर पाणी भरता येतं. बिल्ला गेला की होडी नुसतं तरंगतं भांडं. आणि हुकूम पाळला जातो की नाही, हे बघायचं काम कचेरीनं ज्यांच्यावर टाकलं, त्यांत ढब्बू. त्याची नोकरी अजून पक्की झाली नव्हती, होण्याच्या बेतात होती. घरात कमावते हात हे दोनच, आत्याचे आणि त्याचे. दादाची औषधं त्यांवरच.

मोठ्या जहाजांवर खाऱ्या पाण्याचं गोडं करायची यंत्रं असतात. त्या गंजक्या जहाजावरचं यंत्र बंद पडलेलं असावं. आत्याला ते कुणी सांगितलं नाही, तिला दिसलं. भरली टाकी घेऊन ती रोज त्याच्या बाजूनंच इतर जहाजांकडे जायची. आधी त्यांनी डेकवर ताडपत्र्या ताणल्या, पाऊस धरायला. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. मग एक दिवस पांढरा गंजीफ्रॉक घातलेला त्यांचा स्वयंपाकी कठड्याशी आला आणि एक डबा त्यानं तिच्या समोर उपडा करून दाखवला. ओरडला नाही, हातवारे नाहीत. नुसता उपडा डबा. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी त्यानं डबा आणलाच नाही. कठड्याला कोपरं टेकून होडीकडे बघत उभा राहिला.

त्या संध्याकाळी आत्यानं जेवताना विषय काढला. ढब्बू म्हणाला, चार दिवसांचा प्रश्न आहे, वरचे लोक बघतील. दादा म्हणाला, वरच्या लोकांच्या घरी नळ आहे. ढब्बू ताटावरून उठला. आत्यानं त्याचं ताट झाकून ठेवलं.

तर ती वारा पडलेली सकाळ. टाकी भरून झाली. पाइप गुंडाळला. इंजिनवाल्याला थांब म्हणाली आणि ओल्या पदरानं हात पुसत सरळ बंदर कचेरीत गेली. साहेबांच्या हातात चहाचा कप होता. ढब्बू दाराशी उभा.

"साहेब, त्या टोकाच्या जहाजाला मी आज पाणी देणारे," आत्या म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं."

साहेबांनी कप खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता. राजधानीकडच्या मुलखातून बदली होऊन आला आणि इथंच केस पिकले. त्यांनी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. त्यांनी समजावलं, की हुकूम माझा नाही, पण बिल्ला मात्र मलाच काढावा लागेल. आत्यानं मान हलवली.

"काढा की. पण मी परत आल्यावर काढा. बिनबिल्ल्याची होडी हाकायची मला सवय नाही."

साहेब उठून खिडकीशी गेले. मग वळून ढब्बूला म्हणाले, "यांच्याबरोबर जा आणि होडी मागे वळवून आण." आत्याबरोबर भाच्यालाच धाडण्यात साहेबांच्या मनात काय होतं, ते त्यांना विचारायची छाती आजवर कुणाची झालेली नाही.

होडी निघाली. ढब्बू टोपी घालून पुढं उभा. धक्का मागे पडला तसा म्हणाला, "आत्या, वळव."

"वळवते की. परत यायला वळवावीच लागेल."

तो इंजिनवाल्यावर ओरडला. इंजिनवाल्याची मान पुढं, हलली नाही. मग ढब्बूचा बांध फुटला. ज्या हातानं जेवू घातलंस त्याच हातानं ताट ओढतेयस, म्हणाला. माझी नोकरी जाणार, तुझी होडी जाणार, आणि बाबांना औषध म्हणून काय पाजणार, हेच पाणी? आत्यानं सगळं ऐकून घेतलं. सुकाणू सोडलं नाही.

"तुझा बाप शिडीवरून पडला," ती म्हणाली, "तेव्हा त्याला झोळीत घालून धक्क्यावर आणून सोडणारे खलाशी कुठल्या झेंड्याचे होते, तू कधी विचारलंस?"

ढब्बू समोरच्या धुराकडे बघायला लागला.

"मी पण नाही विचारलं," आत्या म्हणाली.

धुरातून ते जहाज वर आलं. गंजाच्या भिंतीसारखं. वरून दोर पडला, इंजिनवाल्यानं तो बांधला. कठड्यावर माणसांची रांग लागली. ओठ फुटलेले, दाढ्या वाढलेल्या. आत्यानं पंप सुरू केला, थोडं पाणी समुद्रात सोडलं, पाइप हुंगला, पेला भरला आणि वर सगळ्यांकडे बघत घटाघटा प्यायली. मग पाइप वर धरला.

कुणी हात पुढे केला नाही.

त्यांचा कप्तान पुढं आला. बंदराबंदरात चालणारी मोडकी भाषा असते, तिच्यात आणि हातांनी त्यानं सांगितलं. होडीचं पाणी त्यांना माहीत होतं, बाईही माहीत होती. पण आज बाईबरोबर गणवेश आला होता. इतके दिवस पाणी बंद, आणि आज सरकारी माणसाला बरोबर घेऊन पाणी. बाईला काय पाजलंय ते बाईला तरी ठाऊक आहे का? कप्तानानं बोट उचललं आणि ढब्बूवर रोखलं. पेला त्यानं प्यायचा.

तेव्हा कुठं आत्याच्या ध्यानात आलं, की आपण काय करून बसलो. ती निघाली होती बिल्ला घालवायच्या तयारीनं. पोराची नोकरी डावावर लावायची तिची इच्छा नव्हती. थोड्याच अंतरावर आरमाराची करडी लाँच उभी होती आणि तिच्यावरचा माणूस दुर्बिणीतून इकडेच बघत होता. नुसतं बरोबर असणं वेगळं, मागे वळवायला गेलो होतो म्हणता येतं. गणवेशात उभं राहून त्या जहाजाच्या देखत पेला प्यायला, म्हणजे पाणी ढब्बूनंच दिलं.

आत्यानं पेला भरला, पण त्याच्या हातात दिला नाही. पंपाच्या झाकणावर ठेवला.

"तुझी मर्जी," ती हळू म्हणाली. "नाही प्यायलास तर मी पाइप गुंडाळते. साहेबांना सांगते, पोरानं काम चोख केलं, वळवून आणली. माझा राग नाही, आत्ता नाही नि पुढंही नाही."

आणि ते खरं होतं. ढब्बूला तिचा खोटा आवाज ओळखू यायचा, हा तो नव्हता. तसा असता तर त्याला सोपं गेलं असतं.

त्यानं वर बघितलं. गंजीफ्रॉकवाला स्वयंपाकी बघत होता. ढब्बूनं टोपी काढली, म्हणजे निदान साधा माणूस म्हणून तरी प्यावं. काढून हातात धरली, जरा थांबला, आणि परत घातली. त्यांना टोपीनंच प्यायलेलं हवं होतं. मग पेला उचलला आणि पूर्ण प्यायला. एक घोट हनुवटीवरून गणवेशावर सांडला.

"खारट नाही," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

वरून इतके हात पाइपाला आले, की पाइप सुटून पुन्हा होडीत पडला आणि इंजिनवाला पायापासून डोक्यापर्यंत भिजला. वर कुणीतरी हसलं. त्या जहाजावर हसू बऱ्याच दिवसांनी आलं असणार, कारण ते थांबेना.

परत येईतो धक्क्यावर साहेब उभे होते, हातात स्क्रू-ड्रायव्हर. शिपायाकडून काढून घेता आला असता बिल्ला, पण स्वतः आले. ढब्बूला विचारलं, वळवली का. ढब्बू म्हणाला, "नाही साहेब. मी प्यायलो." साहेबांनी मान हलवली आणि त्याला घरी जायला सांगितलं, बोलावणं येईपर्यंत यायचं नाही. मग केबिनपाशी वाकून बिल्ला काढायला लागले. वरचे स्क्रू निघाले, खालचा गंजून बसलेला. साहेब जोर लावायला लागले तशी आत्या म्हणाली, "थांबा, डोकं तुटेल त्याचं," आणि तेलाची बुधली आणून दिली. स्क्रू तेल पिईपर्यंत दोघं शेजारी शेजारी बसून राहिले. लोक अजून ते सांगून हसतात.

पुढचे दिवस बरे नव्हते. घरात तिघंही रिकामे. दादा म्हणायचा, आता खाटा पुरायच्या नाहीत. आत्या धक्क्यावर जाऊन बसायची आणि दुसऱ्यांच्या होड्या जाताना बघायची. कुणी विचारलं, की चुकलं असं वाटतं का, तर म्हणायची, पोराला विचारा. ढब्बूला विचारलं तर तो म्हणायचा, आत्याला विचारा.

पण त्या आडोशाला सगळ्या जगाचे झेंडे उभे होते आणि त्या सकाळचा प्रकार साऱ्यांच्या कानावर गेला होता. साहेबांनाही तो काही सुचू देत नसावा. एकदा न्हाव्याकडून दाढी करून घेत असताना त्यांना मुलखातून फोन आला आणि साहेब गालावर साबण तसाच ठेवून बोलले. वस्तरा हातात घेऊन न्हाव्यानं सगळं ऐकलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत बेटानं ऐकलं. साहेब म्हणाले होते, की आपल्याकडे ना तोफ, ना तेल. वाट आपल्या दारातून जाते, एवढीच आपली दौलत, आणि ती टिकते कारण इथं थांबणाऱ्याला पाणी मिळतं. आज एकाचा झेंडा बघून नळ बंद केला, तर उद्या प्रत्येक कप्तान आपल्या झेंड्याकडे बघेल आणि समोरच्या किनाऱ्यावर टाकी भरून घेईल. मग नकाशावर बेटाचं मोल राहील, पण बेटावर माणूस राहायचा नाही.

पलीकडून काय उत्तर आलं ते न्हाव्याला ऐकू आलं नाही. पण पुढं हुकूम सैल झाला. तेल नाही, पाणी सगळ्यांना. बिल्ला परत बसवायला ढब्बूच आला, कामावर परत घेतलेला. त्याची नोकरी पक्की करायचं मात्र पुढं ढकललं गेलं, आणि ते काही साहेबांच्या हातात नव्हतं. त्यानं बिल्ला जरा वाकडा बसवला. आत्या म्हणाली, राहू दे, माणसाची मान तरी कुठं सरळ असते.

शेवटी त्या दोन देशांचं मिटलं आणि वाट उघडली, त्या दिवशी सगळ्यात आधी सोडलं ते त्या गंजक्या जहाजाला. नांगर वर आला, साखळीचा खडखडाट बेटभर झाला. दादानं खाटेवरून खिडकीतून बघितलं. न्हावी दुकानाच्या पायरीवर आला. ढब्बू शिट्टी हातात धरून धक्क्यावरून पळत झऱ्याच्या जेटीवर गेला आणि होडीत उडी मारून टाकीच्या उघड्या झाकणावर थापा मारायला लागला.

"आत्या, ते निघालं बघ. वर ये."

टाकीतून ब्रशचा खरखर आवाज येत होता. तो थांबला.

"जाऊ दे. यायचंय त्याला याच वाटेनं परत," आतून आवाज आला. "तू वरचा तो दिवा जरा खाली धर. या कोपऱ्यातला गंज दिसेना झालाय."

ढब्बूनं टोपी काढून बाजूला ठेवली आणि पालथा पडून टाकीच्या तोंडातून हात आत घातला, दिवा धरून.